हौसेची गाडी कोल्हापुरात घेताना, सजवताना आणि चालवताना : खर्चाचा पायरीपायरीने हिशेब

जानेवारी २०२० मध्ये मी २००८ सालची, १.३ लिटर पेट्रोल इंजिनाची मारुती स्विफ्ट १ लाख ६५ हजार रुपयांना घेतली. मनाजोगती चालणारी, घाटात हाताला गोड लागणारी गाडी करायची, एवढेच तेव्हा डोक्यात होते. त्या दिवसापासून गाडीवर गेलेला प्रत्येक रुपया मी एका वहीत लिहीत आलो आहे. कोल्हापुरातल्या नवख्या मुलांशी या विषयावर बोलताना माझ्या लक्षात येते की, अलॉय चाकांना किती आणि सायलेन्सरला किती, हे सगळ्यांना पाठ असते; पण त्या वस्तूच्या मागून येणारा खर्च कोणीच धरलेला नसतो. वस्तूची किंमत म्हणजे खर्च नव्हे. तिची बसवणूक, तिच्यामुळे झिजणारे दुसरे भाग, वाढणारे पेट्रोल, विमा आणि कायदा हे सगळे मिळून खरा खर्च होतो. तो आधीच दिसावा, म्हणून हा लेख लिहिला आहे. आकडे माझ्या वहीतले आहेत. तुमच्या गाडीला ते थोडे इकडे-तिकडे होतील, पण कामांचा क्रम बदलणार नाही.

१. गाडी पाहायला निघण्याआधी वही सुरू करा

वहीच्या पहिल्या पानावर गाडी कशासाठी हवी आहे, ते एका वाक्यात लिहा. रोज कामावर जायचे आणि रविवारी पन्हाळा किंवा गगनबावडा करायचा, हा एक हेतू झाला. वर्षातून एक-दोनदा शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे, हा वेगळा हेतू झाला. आणि गाडी दिसायला देखणी हवी, हा तिसरा. तिन्ही हेतू एकाच गाडीत कोंबले की पैसा तिप्पट लागतो आणि एकही धड साधत नाही.

दुसऱ्या पानावर पैशांची वाटणी करा. हाताशी तीन लाख असतील, तर गाडीच्या खरेदीला १ लाख ८० हजार, मूळ दुरुस्तीला ६० हजार, मॉडिफिकेशनला ३५ हजार आणि २५ हजार हात न लावता बाजूला, अशी विभागणी मी सुचवेन. तिन्ही लाख खरेदीत घालून मोकळे होणारे आणि मग सहा महिने गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवणारे लोक मी आजूबाजूला पाहिले आहेत.

२. गाडी निवडताना सुटे भाग आणि पूर, दोन्ही पाहा

गाडी आवडणे आणि तिचे भाग मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्विफ्टचे भाग शहरात कुठेही मिळतात आणि तिचे काम कोणताही मिस्त्री करतो. २००० च्या सुमारास आलेल्या होंडा सिटी व्हीटेकचे इंजिन आजही मनाला भुरळ घालते, पण तिचे आतले-बाहेरचे प्लास्टिक आणि रबरी पट्ट्या शोधताना दमछाक होते. १.२ लिटर टर्बो (जादा हवा ढकलून ताकद वाढवणाऱ्या) इंजिनाची, १०५ अश्वशक्तीची पोलो जीटी टीएसआय ही दमदार गाडी आहे. मात्र पोलोचे भारतातले उत्पादन २०२२ मध्ये थांबले आणि तिच्या सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे मेकॅट्रॉनिक युनिट (आपोआप गिअर बदलणारा नियंत्रक भाग) गेले, तर एकाच दुरुस्तीचा आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो. ज्या गाडीची सगळ्यांत महाग दुरुस्ती आपल्याला एकरकमी झेपत नाही, ती गाडी घेऊ नये, हा माझा स्वतःपुरता नियम आहे.

कोल्हापूर, शिरोळ आणि सांगली भागात जुनी गाडी घेणाऱ्याने एक तपासणी कधीही चुकवू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात आले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येक धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. २०१९ च्या डिसेंबरात मी पाहिलेल्या पाच गाड्यांपैकी दोन अशाच निघाल्या. त्यांतल्या एका गाडीचे डॅशबोर्ड चकचकीत होते आणि आत सुगंधी फवारा मारलेला होता. मी चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला, तेव्हा एरवी आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची तपकिरी रेघ स्पष्ट उमटलेली होती. मालकाने ती पाहिली आणि पुढे किमतीचा विषय निघालाच नाही.

पुराची गाडी ओळखण्यासाठी सीटच्या खालचे रूळ आणि बोल्ट गंजले आहेत का ते पाहा, गालिचाचा कोपरा उचलून खाली बारीक गाळ आहे का ते बोटाने तपासा, डिकीतील स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, फ्यूजबॉक्समधील तांब्यावर हिरवट थर आहे का ते पाहा आणि हेडलाइटच्या आत पाण्याची रेषा शोधा. याच्या जोडीला गेल्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस (दावा न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) अचानक शून्यावर आलेला असेल, तर बहुधा त्याआधीच्या वर्षी दावा घेतलेला असतो. तो कशासाठी घेतला होता, ते विचारा आणि उत्तर पटले नाही, तर परत फिरा.

खरेदीच्या वेळी पाहायची आणि ताब्यात घ्यायची कागदपत्रे अशी :

- आरसी, आणि परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर त्याच क्रमांकाची मालकी, कर्जाची नोंद व प्रलंबित दंडाची चलने यांची पडताळणी
- चालू विमा पॉलिसी आणि मागील वर्षांच्या प्रती
- वैध पीयूसी
- हस्तांतरणाचे अर्ज २९ आणि ३०, विक्रेत्याच्या सहीसह
- गाडीवर कर्ज असल्यास अर्ज ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र
- दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिसची जुनी बिले

आरसीवर लिहिलेला चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग वेगळा असेल, तर ते निस्तरणे पुढे तुमच्याच गळ्यात येते.

३. पहिले पैसे मूळ गाडीवर घाला

हा टप्पा कोणालाच आवडत नाही आणि बहुतेकांचे नुकसान इथेच होते. पंधरा वर्षांच्या गाडीवर नवे अलॉय चढवले, तरी खालचे बुश (सांध्यांतले रबरी भाग) फुटलेले असतील, तर गाडी डगडगतच राहते.

गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी ती शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चारही प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावून एकेका सिलिंडरचा दाब घेतला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले. तिसऱ्यात काटा दीड किलोने (दर चौरस सेंटिमीटरला) खाली थांबला. माझ्या पोटात गोळा आला. मिस्त्रींनी काही न बोलता प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल तिसऱ्या सिलिंडरमध्ये सोडले आणि पुन्हा स्टार्टर मारायला सांगितले. काटा हलला नाही. ऑइल टाकल्यावर दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतात. वाढला नाही, तर दोष व्हॉल्व्हकडे असतो, हे त्यांनी मला तिथेच समजावले. व्हॉल्व्हचे टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह नीट मिटावा म्हणून ठेवलेली बारीक फट) जुळवून दिल्यावर दाब बाकीच्यांच्या बरोबरीला आला आणि इंजिन खोलण्याचा खर्च वाचला. ही तपासणी काही शे रुपयांत होते. जमल्यास ती गाडी घेण्याआधीच करून घ्या, कारण दोन सिलिंडरांच्या दाबात एक किलोपेक्षा जास्त फरक असेल, तर तो किंमत पाडण्याचा ठोस आधार ठरतो.

माझ्या वहीतील पहिल्या चार महिन्यांचे पान असे आहे. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मजुरीसह ६,२०० रुपये. सर्व ऑइले, फिल्टर, प्लग आणि कूलंट ५,४०० रुपये. क्लच सेट ७,१०० रुपये. चारही शॉकअप, त्यांची माउंटिंग, लोअर आर्मचे बुश आणि लिंक १७,८०० रुपये. ब्रेकच्या डिस्क, पॅड, मागचे लायनर, होज (रबरी नळ्या) आणि ब्रेक ऑइल ९,३०० रुपये. रेडिएटर व पेट्रोलचे होज आणि पट्टे ३,९०० रुपये. बॅटरी ४,२०० रुपये. बेरीज ५३,९०० रुपये होते, म्हणजे खरेदीच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश. यातला एकही रुपया बाहेरून दिसत नाही, पण मला माझी गाडी सगळ्यांत जास्त बदललेली जाणवली, ती या चार महिन्यांनंतर.

यातल्या पेट्रोलच्या होजबद्दल थोडे अधिक लिहितो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखानेच इथेनॉल तयार करतात, त्यामुळे हा विषय कोल्हापूरकराला परका नाही. मात्र २००८ सालची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नाही. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि ठिसूळ करते, तसेच टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणते. लिटरमागे त्यातील ऊर्जाही पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने ॲव्हरेज थोडे उतरते. जुनी गाडी घेतल्याबरोबर इंधनाचे सगळे रबरी होज बदला, नवे होज इथेनॉलला टिकणारेच मागा आणि फिल्टर दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहा. इंजिनाजवळ पेट्रोलचा वास आला, तर त्या दिवशी गाडी चालवू नका.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते, तेव्हा लोक तिच्या रुबाबाकडे पाहतात. मी मात्र दरवर्षी तिच्या होजा-पट्ट्यांची निगा राखणाऱ्या हातांचा विचार करत उभा असतो.

४. पाना उचलण्याआधी कायदा आणि विमा समजून घ्या

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा आरसीतील नोंदी बदलतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. चार बदल असतील, तर हिशेब चारदा होतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. रंग बदलायचा असेल, तर आधी आरटीओची परवानगी घ्या आणि नंतर आरसीवर नोंद करून घ्या. इंजिन बदलले, तर नव्या इंजिनाचा क्रमांक आरसीवर चढलाच पाहिजे. त्यासाठी त्या इंजिनाच्या खरेदीचे पक्के बिल लागते आणि भंगारातून आणलेल्या इंजिनाला ते मिळत नाही. सीएनजी किट मान्यताप्राप्त असावे आणि त्याचीही नोंद व्हावी. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेची संमती जोडावी लागते. चॅसी कापणे, छत काढणे, बंपरला लोखंडी गार्ड लावणे आणि प्रेशर हॉर्न यांच्या वाटेला जाऊ नका. काचांच्या बाबतीत केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० पुढच्या व मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जाण्याची अट घालतो, आणि चिकटवण्याच्या काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच आदेश दिला आहे. म्हणून मूळ काच आहे तशी ठेवणे सगळ्यांत सोपे. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला कलम १९० लागू होते; त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र होण्याची तरतूद आहे. राजारामपुरीतून रात्री अकरा वाजता फटाक्यासारखा आवाज काढत गेलेली एक गाडी आपल्या सगळ्यांचे नाव खराब करते, हे मला मनापासून सांगायचे आहे.

जुन्या गाडीचे कागद सांभाळण्यालाही पैसा लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. माझ्या गाडीची मुदत २०२३ मध्ये संपली, तेव्हा नूतनीकरणाचे ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर आणि तपासणीआधीची किरकोळ डागडुजी, असा खर्च आला. हे नूतनीकरण पाच वर्षांचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींचे नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये केले आहे, म्हणजे २००८ ची गाडी आज घेणाऱ्याने पुढच्या नूतनीकरणाला ही रक्कम गृहीत धरावी. तपासणीच्या दिवशी गाडी मूळ रूपात असणे हिताचे असते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. मोटारीसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. आधीच्या मालकाने ती लावली आहे का, ते खरेदीच्या वेळीच पाहा.

विम्याबाबत नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, पॉलिसी चालू आहे म्हणजे सगळे सुरक्षित आहे. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता ठरलेला आहे : १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, शिवाय जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र तुम्ही काय सांगितले आहे, त्यावर अवलंबून असतो. अलॉय, म्युझिक सिस्टीम, सीट यांची बिले देऊन ती पॉलिसीत लिहून घ्या. विद्युत उपकरणांसाठी त्यांच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता लागतो. न सांगितलेल्या वस्तूची भरपाई मिळत नाही आणि इंजिनात केलेला न कळवलेला बदल विम्याच्या सर्वेअरच्या (नुकसान तपासणाऱ्याच्या) नजरेस आला, तर मूळ दावाच अडचणीत येतो. कळवताना फोनवर बोलून थांबू नका; लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

५. चाके, टायर आणि सस्पेन्शन

गाडीचे रूप आणि चाल दोन्ही इथे बदलतात, आणि सगळ्यांत जास्त पैसाही इथेच वाया जातो. टायरचे माप बदलताना चाकाचा एकूण व्यास मूळ मापाच्या जवळ ठेवा. जुन्या स्विफ्टच्या साध्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ माप होते. त्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो. १८५/६५ आर १५ चा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. तेच १९५/६५ आर १५ बसवले, तर व्यास ६३४ मिलिमीटरवर जातो, स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो, पिकअप जड होतो आणि भरलेल्या गाडीत टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. रुंदीला (पहिला आकडा, मिलिमीटरमध्ये) टक्केवारीने (दुसरा आकडा) गुणून, ते दुप्पट करून त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवले की व्यास निघतो. हे गणित दुकानात जाण्याआधी घरी करा. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला दिलेले माप कायद्याच्या दृष्टीनेही सर्वांत निर्धोक असते. चाक मडगार्डच्या बाहेर येऊ देऊ नका.

अलॉय घेताना बोल्टचे अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट (चाक किती आत वा बाहेर बसते ते माप) हे तीन आकडे जुळले पाहिजेत. या स्विफ्टला चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळात आहेत आणि मधले भोक ५४.१ मिलिमीटरचे आहे. भोक मोठे असेल, तर हबसेंट्रिक रिंग (ती फट भरून चाक मध्यावर बसवणारे कडे) लागते. ती नसली, तर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि माणूस उगाच बॅलन्सिंगला पैसे देत राहतो. आपल्या रस्त्यांसाठी पंधरा इंच पुरे. सतरा इंची रिमवर टायरची भिंत इतकी उतरते की, पावसाळ्यानंतर गगनबावड्याच्या रस्त्यावरचा एक खड्डाही रिम वाकवायला पुरेसा होतो.

आता माझी चूक सविस्तर सांगतो. २०२१ च्या नोव्हेंबरात मी गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग १४,००० रुपयांना घेतल्या. बसवणाऱ्याने २,००० घेतले आणि ॲलाइनमेंट ‘ओके’ असल्याचे सांगितले. गाडी सुंदर दिसत होती. पुढे दोन वेळा स्टिअरिंग एका बाजूला ओढते म्हणून पुन्हा ॲलाइनमेंट केली. तिन्ही वेळचे मिळून १,२०० रुपये झाले. पुढच्या उन्हाळ्यात, आंबा घाट उतरून साखरप्याला चहासाठी थांबलो असताना, मी सहज पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला आणि बोटाला तार टोचली. बाहेरून नक्षी निम्मी शिल्लक होती. आतली कडा मात्र गुळगुळीत होऊन तारा उघड्या पडल्या होत्या. गाडी खाली आली की पुढच्या चाकांचा कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा उभा कल) आत झुकतो. या गाडीत तो जुळवण्याची मूळ सोय नसल्याने केवळ टो (वरून पाहताना चाकाची दिशा) जुळवून काम भागत नाही. कॅम्बर बोल्ट वेगळे घ्यावे लागतात. हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. घरातली माणसे गाडीत होती. त्या टायरवर घाट उतरलो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

काही महिन्यांतच दोन टायर गेले, त्यांचे ८,४०० रुपये. मूळ स्प्रिंग परत बसवायला २,०००. म्हणजे १४,००० च्या स्प्रिंगचे २७,६०० रुपये झाले. तुम्हाला गाडी खाली घ्यायचीच असेल, तर स्प्रिंगबरोबर त्याच उंचीला योग्य शॉकअप आणि कॅम्बर बोल्ट धरा, ॲलाइनमेंटचा छापील कागद मागून त्यात कॅम्बरचे आकडे पाहा, आणि दर हजार किलोमीटरला टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा.

६. ब्रेक

वेग वाढवण्याआधी थांबण्याची सोय करा. मोठ्या डिस्कची गरज बहुतेक गाड्यांना नसते. मूळ मापाच्या चांगल्या डिस्क, चांगले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल पुरते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि लांब उतारावर ते पाणी उकळले की पेडल खाली जाते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदला. करूळ घाट उतरताना दुसरा गिअर ठेवला, तर उत्तम ब्रेकचेही आयुष्य वाढते, आणि त्याला काही खर्च नाही.

७. इंजिनाची ताकद

टर्बो नसलेल्या इंजिनावर ताकदीसाठी पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या गाडीची मूळ ताकद ८७ अश्वशक्ती आहे. फिल्टर, एक्झॉस्ट आणि रिमॅप (इंजिनाच्या संगणकातील सेटिंग बदलणे) मिळून ३५ ते ४० हजार घातले, तरी हाताला जाणवेल असा फरक फारच थोडा पडतो, आणि आवाज वाढल्यामुळे गाडी वेगवान झाल्याचा भास होतो.

टर्बो गाडीचे गणित वेगळे आहे. तिथे २५ ते ४० हजारांच्या रिमॅपने टॉर्कमध्ये (इंजिनाच्या ओढीत) खरा आणि मोठा फरक पडतो. म्हणूनच मागचा खर्चही मोठा येतो. पोलो जीटीचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन मीटर आहे आणि तिच्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन मीटरपर्यंतची आहे. रिमॅप करणारा जितका वर नेईल, तितका हा फरक आटत जातो आणि क्लच लवकर झिजतो. रिमॅप करण्याआधी क्लचच्या एका पूर्ण कामाचे पैसे बाजूला असलेच पाहिजेत. रिमॅप हा विमा आणि वॉरंटी दोन्हींवर परिणाम करणारा बदल आहे, हेही लक्षात ठेवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या गॅरेजातून बाहेर पडा. पीयूसी अडते, कायदा मोडतो आणि आपल्याच गल्लीतली हवा खराब होते.

८. दिवे आणि वायरिंग

जुन्या गाडीचा उजेड कमी पडतो, कारण पातळ आणि जुन्या वायरींमधून बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. ६०/५५ वॅटचे मूळ क्षमतेचेच चांगले बल्ब ठेवून हजारभर रुपयांचे रिले हार्नेस (बॅटरीपासून दिव्याला थेट वीज देणारे वायरिंग) बसवले की उजेड लक्षणीय सुधारतो. ९०/१०० वॅटचे बल्ब नियमात बसत नाहीत आणि होल्डर वितळवतात. साध्या रिफ्लेक्टरमधले स्वस्त एलईडी समोरच्याचे डोळे दिपवतात. वायर कापून जोड देणारा वायरमन टाळा. प्रत्येक जादा उपकरणाला स्वतंत्र फ्यूज मागा.

९. काम कुठे आणि कसे द्यावे

कोल्हापूरसारखी सोय फार थोड्या शहरांत असेल. फाउंड्री आणि मशीन शॉपची परंपरा असल्यामुळे उद्यमनगरात हेड फेसिंग, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग अशी इंजिनाची कामे, हबसेंट्रिक रिंगसारखे छोटे टर्निंग काम, हे सगळे एका दिवसात आणि डोळ्यांसमोर होते. मी माझ्या रिंग ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून लेथवर करून घेतल्या; टर्नरने भोकाचे माप व्हर्नियरने तीनदा घेतले आणि पहिली रिंग किंचित सैल वाटताच स्वतःहून बाजूला टाकून दुसरी केली. अशा माणसाकडे दर थोडा जास्त असला, तरी घासाघीस करू नका.

काम देताना अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात भाग व मजुरी वेगळी मागा. काढलेले जुने भाग परत मागा, कारण नवा भाग खरोखर बसला आहे, याची खात्री त्यावरूनच होते. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. एका वेळी एकच बदल करून पाचशे किलोमीटर गाडी चालवा. तीन बदल एकत्र केले आणि आवाज आला, तर तो कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

स्वतःजवळ ठेवावीत अशी साधने थोडीच आहेत : टॉर्क रेंच, हवेचा दाब मोजणारा गेज, मल्टिमीटर, नव्या गाड्यांसाठी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोष वाचणारे उपकरण), दोन भक्कम जॅक स्टँड आणि टायरची नक्षी मोजायची पट्टी. सगळे मिळून आठ-दहा हजारांत बसते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

१०. वर्षभर चालवण्याचा हिशेब

माझी गाडी वर्षाला सुमारे ८,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १३ किलोमीटर देते. पेट्रोल १०५ रुपये धरले, तर ६४,६०० रुपये होतात. सर्व्हिस ६,५००, विमा ७,४००, पीयूसी ३०० (माझ्या गाडीला ती दर सहा महिन्यांनी लागते), टायरसाठी बाजूला ४,०००, सस्पेन्शनसाठी ४,०००, अचानक निघणाऱ्या कामांसाठी ८,००० आणि नोंदणी नूतनीकरणाचा वार्षिक वाटा १,५०० रुपये. बेरीज ९६,३०० रुपये, म्हणजे किलोमीटरला १२ रुपये. पुण्याला जाऊन यायचे, तर साडेचारशेहून अधिक किलोमीटर आणि किणीपासून खेड-शिवापूरपर्यंतचे टोल वेगळे.

ट्रॅकचा विचार असेल, तर चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे हे जुने पर्याय आहेत. प्रवास, राहणे आणि प्रवेशशुल्क याशिवाय एका दिवसात पॅडचा एक संच आणि टायरचे निम्मे आयुष्य जाऊ शकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शर्यत आणि वेगचाचणी साध्या मोटार विम्यातून वगळलेल्या असतात. तिथे झालेले नुकसान पूर्णपणे तुमच्या खिशातून जाते.

११. काढलेले मूळ भाग जपून ठेवा

मूळ रिम, स्प्रिंग, सायलेन्सर, एअर फिल्टरचा डबा, स्टिअरिंग आणि त्यांचे नट-बोल्ट वेगवेगळ्या खोक्यांत, तारीख आणि किलोमीटर लिहून माळ्यावर ठेवा. नोंदणी नूतनीकरणाला, विम्याच्या तपासणीला आणि गाडी विकताना हेच भाग कामाला येतात. मॉडिफाय केलेल्या गाडीचे वाढीव पैसे देणारा गिऱ्हाईक क्वचित भेटतो. मूळ रूपातली गाडी आणि सुटे अलॉय असे दोन वेगळे सौदे केले, तर हातात जास्त पडतात. मी रबराच्या भागांना टॅल्कम पावडर लावून आणि रिमच्या आत वर्तमानपत्र भरून ठेवतो. काढलेल्या त्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंगही अजून माळ्यावर आहेत. कोणाला तुलनेसाठी हातात घेऊन पाहायच्या असतील, तर मी त्या आणि तार निघालेला तो टायर दोन्ही दाखवतो, पण त्या स्प्रिंग विकत मात्र नाही.